हात न लावण्याचे शास्त्र

मदरबोर्डवरचा बायोस हा संगणकात सर्वांत आधी जागा होणारा प्रोग्रॅम. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांची हजेरी घ्यायची, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या नावाने बीप वाजवायचा आणि सगळे जागेवर असले की कारभार विंडोज किंवा लिनक्सच्या हवाली करून बाजूला व्हायचे, एवढे त्याचे काम. आजच्या बोर्डांवर त्याच्या जागी यूईएफआय ही बरीच मोठी व्यवस्था असते. तरी दुकानदार, गिऱ्हाईक आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपन्याही तिला बायोसच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव चालवले आहे.

हा प्रोग्रॅम राहतो एका नखाएवढ्या, आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये. तिची क्षमता बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइट, म्हणजे घरच्या ग्रुपवर रोज सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या दोन-तीन व्हिडिओंएवढी. फ्लॅशचा एक स्वभाव असा, की तिच्यावर नवे लिहिण्याआधी जुने पुसावे लागते, आणि तेही अक्षर-अक्षर करून नव्हे, ठोकळ्या-ठोकळ्याने. त्यामुळे अपडेट चालू असताना एक वेळ अशी येते, की जुना बायोस गेलेला असतो आणि नवा अजून पुरता आलेला नसतो. विंडोज बिघडले तर बायोस पेनड्राइव्हवरून नवे विंडोज चढवू देतो. बायोस बिघडला तर त्याच्या आधी जागे होणारे कोणी नसते.

चिप बनवणाऱ्या कंपन्या ती निदान एक लाख वेळा पुसून लिहिता येईल, अशी हमी देतात. मालकाच्या काळजाची अशी हमी कोणी दिलेली नाही. वास्तविक अपडेटमधले सगळे काम यंत्र करते. माणसाकडे एकच काम सोपवलेले असते, ते म्हणजे पाच-दहा मिनिटे कशालाही हात न लावणे. बोर्ड दगावला की चौकशी बहुधा याच कामापाशी येऊन थांबते.

सुरुवातीला ही चिंताच नव्हती. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याचा बायोस ८ किलोबाइटचा होता आणि तो बदलता न येणाऱ्या रॉम चिपमध्ये होता. १९८२ च्या ऑक्टोबरमधल्या सुधारित बायोसआधीच्या पीसीला हार्ड डिस्क जोडायची, तर ती चिपच विकत आणून बदलावी लागे. पुढे ईप्रॉम आल्या. त्यांच्या पाठीवर काचेची खिडकी असे आणि आतला मजकूर पुसायला अतिनील दिव्याखाली ठेवावे लागे. एवढा खटाटोप असल्याने उगाच म्हणून कोणी बायोस बदलत नसे. १९९० च्या दशकात फ्लॅश चिप आली आणि जागच्या जागी, घरच्या घरी, रविवारी दुपारी जेवणानंतर बायोस बदलता येऊ लागला.

ही सोय व्हायरस लिहिणाऱ्यांच्याही लक्षात आली. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला सीआयएच व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर जागा झाला. विंडोज ९५ आणि ९८ च्या संगणकांत तो डिस्कची सुरुवात पुसे आणि काही बोर्डांवर बायोसच्या चिपमध्येही कचरा लिहून ठेवी. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात १९८६ मध्ये याच तारखेला झाला होता, म्हणून त्याला चेर्नोबिल असेही नाव पडले. तेव्हापासून बायोसच्या चिपभोवती कुलपे वाढत गेली. आजचा बोर्ड अपडेटची फाइल आपल्याच कंपनीची आहे का, हे तिच्यावरची डिजिटल सही तपासून ठरवतो. परक्याला तो आत घेत नाही. अधीर मालकाला अडवणारी सही मात्र अजून निघालेली नाही.

अपडेट कधी करावा, याची कारणे मोजकी आहेत. पहिले कारण नवा प्रोसेसर. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे बोर्ड २०१७ साली बाजारात आले आणि पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसरही त्याच सॉकेटात बसू लागले. पण बोर्ड दुकानात आधी आलेला आणि प्रोसेसर नंतर, अशी जोडी जमली की नवा प्रोसेसर जुन्या बायोसला ओळखीचा नसे. नवा प्रोसेसर चालायला नवा बायोस हवा आणि नवा बायोस भरायला चालणारा प्रोसेसर हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, या म्हणीला इलेक्ट्रॉनिक्सने एवढे नेमके उदाहरण याआधी दिले नव्हते. शेवटी २०१८ मध्ये एएमडीने अडलेल्या गिऱ्हाइकांना एक जुना प्रोसेसर तात्पुरता उसना पाठवायला सुरुवात केली. पुढे प्रोसेसर इतके झाले, की १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये सगळ्यांची माहिती मावेना. मग काही कंपन्यांनी सेटअपच्या पडद्यावरची चित्रे काढून टाकली, तर काहींनी जुन्या प्रोसेसरांचा आधार काढला. अशा बोर्डावर अपडेट करून मग जुनाच प्रोसेसर पुन्हा बसवणाऱ्याची काय अवस्था होते, हे सांगायला नको.

दुसरे कारण प्रकृतीचे. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे सॉकेटासकट जळाले. त्यावर आलेल्या बायोसने एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागून कायमचे खराब होत असल्याचे निघाले. त्यावरचा सुधारित मायक्रोकोडही बायोसमधूनच आला. तो पुढचे नुकसान टाळतो, झालेले भरून काढत नाही. तिसरे कारण सुरक्षेचे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये लोगोफेल नावाने जाहीर झालेल्या त्रुटी कुठे होत्या, तर संगणक सुरू होताना कंपनीचे बोधचिन्ह दाखवणाऱ्या कोडमध्ये. म्हणजे जे चित्र पाहायला आजवर कोणी संगणक सुरू केला नव्हता, त्यातूनच चोर आत येऊ शकत होता.

याखेरीजची कारणे मनोरंजन या सदरात मोडतात. 'नवी आवृत्ती आली आहे' हे त्यांतले मुख्य. या आवृत्तीत काय बदलले म्हणून पाहावे, तर बहुतेक वेळा एकच ओळ असते : 'सिस्टिम स्टॅबिलिटी इम्प्रूव्ह्ड'. प्रत्येक आवृत्तीत स्थैर्य वाढत असेल, तर बाराव्या आवृत्तीनंतर बोर्ड जागचा हलताही कामा नये. पण त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत खरे कामाचे लिहिलेले असते : आधी अमुक आवृत्ती चढवा मगच ही चढवा, एकदा चढवली की मागे फिरता येणार नाही, ही बीटा आहे. हा मजकूर वाचण्याची योग्य वेळ अपडेटच्या आधीची. प्रत्यक्षात तो सर्वांत लक्षपूर्वक वाचला जातो तो अपडेटनंतर, मोबाईलवर.

कारण पक्के झाले, की पहिली पायरी बोर्डाचे पूर्ण नाव शोधण्याची. आजकालची नावे लांब असतात, आणि शेवटचे एखादे अक्षर वायफाय असलेला बोर्ड नसलेल्यापासून वेगळा करते. काही बोर्डांवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'रेव्ह १.०' किंवा 'रेव्ह १.१' छापलेले असते आणि दोघांचे बायोस वेगळे असू शकतात. खोक्यावरून नाव घेण्यात अर्थ नाही. खोके जपून ठेवलेले असते खरे, पण बरेचदा ते आधीच्या बोर्डाचे निघते. फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावी आणि तिथे चेकसम दिला असेल तर जुळवून पाहावा. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करावा. त्यात लग्नाचे एकमेव व्हिडिओ असल्याचे फॉरमॅटनंतर आठवते, म्हणून आधी आठवावे.

दुसरी पायरी सेटिंग्ज टिपून ठेवण्याची. अपडेटनंतर त्या बहुधा मूळपदावर जातात, म्हणून सेटअपच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढावेत. ओव्हरक्लॉकिंग केले असेल तर तेवढ्यापुरते काढून टाकावे. डळमळीत मेमरीवरून वाचलेली फाइल चिपमध्येही तशीच डळमळीत लिहिली जाऊ शकते.

तिसरी पायरी बिटलॉकरची. विंडोजची डिस्क कुलूपबंद असेल आणि ते कुलूप आधी तात्पुरते स्थगित केले नसेल, तर बायोस बदलल्यावर विंडोजला घरमालकाची ओळख पटत नाही आणि ते ४८ आकडी किल्ली मागते. पुष्कळ लॅपटॉपांत हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते, खात्याचा पासवर्ड ब्राउझरला पाठ असतो आणि ब्राउझर कुलपाच्या आत असतो.

चौथी पायरी विजेची. डेस्कटॉप यूपीएसवर असावा, आणि त्या यूपीएसची बॅटरी खरोखर चालते का, हे आधी पाहिलेले असावे. पुष्कळ घरांत यूपीएसचे काम लाइट गेल्याची शिट्टी वाजवून लगेच स्वतःही जाण्यापुरतेच उरलेले असते. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नये, कारण तो चालू होताना मधे जो क्षण जातो, तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो. लॅपटॉपला चार्जर लावलेला असावा. तो नसेल तर बहुतेक कंपन्यांचे प्रोग्रॅम अपडेट सुरूच करत नाहीत, आणि ते त्यांचे शहाणपण आहे. पावसाळ्यात गडगडू लागले असेल तर बेत पुढे ढकलावा. पुण्यात वीज-दुरुस्तीचा गुरुवार टाळावा, हे पुणेकरांना सांगावे लागत नाही. टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डाचे बटण केरसुणीच्या किंवा लहान मुलाच्या पायाच्या वाटेत नाही ना, हेही पाहावे. घरची झाडलोट आधीच उरकलेली असेल तर उत्तम.

अपडेट शक्यतो बायोसच्या आतल्याच सोयीने करावा. एसस तिला ईझी फ्लॅश म्हणते, एमएसआय एम-फ्लॅश, गिगाबाइट क्यू-फ्लॅश आणि असरॉक इन्स्टंट फ्लॅश. विंडोजमधूनही अपडेट करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण तिथे त्याच वेळी अँटिव्हायरस, ब्राउझर आणि कधी काळी बसवलेले आणखी पाच प्रोग्रॅम जागे असतात. लॅपटॉपांचे कंपनीकडून येणारे अपडेट विंडोजमधून सुरू झाले, तरी प्रत्यक्ष लिहिण्याचे काम बहुधा रीस्टार्टनंतरच करतात. लॅपटॉपांच्या बाबतीत आणखी एक गंमत म्हणजे बायोसचा अपडेट पुष्कळदा विंडोज अपडेटच्या गर्दीतून न सांगता येतो. रात्री लॅपटॉप बंद करायला जावे, तर पडदा काळा आणि पंखा मात्र पूर्ण वेगात, असा देखावा दिसतो. अशा वेळी पॉवरचे बटण दाबून धरण्याची अनावर इच्छा होते. ती आवरावी.

लिहिणे सुरू झाले, की पडद्यावर एक पट्टी सरकू लागते आणि खाली 'संगणक बंद करू नका' अशी सूचना येते. ज्याच्या मनात तोवर तसा विचारही नसतो, त्याचे लक्ष या सूचनेने पॉवरच्या बटणाकडे जाते. पट्टी शंभरावर जाऊन पुन्हा शून्यावर येते, कारण पुसणे, लिहिणे आणि लिहिलेले पडताळून पाहणे ही तीन वेगळी कामे आहेत. प्रेक्षकाला हे ठाऊक नसेल तर दुसरे शून्य त्याला फार लागते. या काळात माऊस हलवून पाहणे, कीबोर्डवर एंटर मारून पाहणे, 'झाले का' असे स्वयंपाकघरातून विचारणे, यांचा वेगावर काहीही परिणाम होत नाही.

सर्वांत मोठी परीक्षा पट्टी संपल्यावर असते. संगणक रीस्टार्ट होतो, पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. नवा बायोस मेमरीशी पहिल्यापासून जुळवून घेत असतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ च्या बोर्डांवर यात कित्येक मिनिटे जाऊ शकतात आणि मधे बोर्ड आपणहून दोन-तीनदा बंद-चालूही होतो. अपडेट उत्तम पार पडलेला असतो, पण या काळोखात मालकाचा धीर सुटतो आणि तो प्लग उपटतो. एवढ्यावर थांबला तर बहुधा निभावते. पण पडदा पुन्हा काळाच दिसला म्हणून तो दुसऱ्यांदा उपटतो आणि बोर्ड मेल्याचे घरात जाहीर करतो.

सारे सुरळीत झाले, तर उरलेली कामे किरकोळ असतात. सेटअपमध्ये जाऊन मूळ सेटिंग्ज एकदा लोड कराव्यात आणि मग फोटो पाहून आपल्या भराव्यात. मेमरीचा एक्सएमपी किंवा एक्सपो, बूटचा क्रम, डिस्क एएचसीआय पद्धतीने चालते की रेडने, पंख्यांचा वेग, व्हर्च्युअलायझेशन हे विसरू नये. डिस्कची पद्धत चुकली, तर विंडोज सुरू होत नाही आणि दोष नव्या बायोसच्या माथी मारला जातो.

आता बिघाडाकडे. काळा पडदा म्हणजे बायोस उडालाच, असे नसते. म्हणून उपाय सोप्याकडून अवघडाकडे करत जावेत. पहिला उपाय म्हणजे पंधरा मिनिटे थांबणे. दुसरा, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डात, हे पाहणे. तिसरा, बोर्डावर प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि बूट यांचे चार बारीक दिवे असतील तर त्यांतला कोणता पेटून राहिला आहे, हे पाहणे. चौथा, मेमरीची एकच पट्टी ठेवून सुरू करून पाहणे. पाचवा, सीएमओएस साफ करणे : विजेची वायर काढावी, सीआर२०३२ हा गोल सेल काही मिनिटे बाहेर ठेवावा किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना क्षणभर जोडाव्यात. सेल काढला की जुना बायोस परत येतो, असा एक समज फार पसरलेला आहे. सेलावर जिवंत राहतात त्या सेटिंग्ज आणि घड्याळ. बायोसचा प्रोग्रॅम फ्लॅश चिपमध्ये असतो आणि त्याला सेल असला काय नि नसला काय, सारखेच.

एवढे करूनही बोर्ड ढिम्म असेल, तर बायोस खरोखर गेला असे धरावे. नव्या बोर्डांवर यावर सर्वांत चांगली सोय फ्लॅशबॅकची. ती असलेल्या बोर्डाला प्रोसेसर नको, मेमरी नको, फक्त पॉवर सप्लाय जोडलेला असला की झाले. मागच्या बाजूला खूण केलेल्या यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह लावावा आणि बटण दाबावे. दिवा लुकलुकू लागतो आणि काही मिनिटांनी काम होते. यात एकच खोच आहे, फाइलचे नाव. एमएसआयच्या बोर्डाला ती 'एमएसआय.रॉम' या नावाने लागते, गिगाबाइटला 'गिगाबाइट.बिन', असरॉकला 'क्रिएटिव्ह.रॉम' आणि एससला मॉडेलगणिक वेगळ्या नावाने. विंडोज फाइलचे शेपूट लपवून ठेवत असल्याने मालक मोठ्या काळजीने नाव बदलतो आणि फाइल होते 'क्रिएटिव्ह.रॉम.रॉम'. बोर्डाला ती दिसत नाही, मालकाला चूक दिसत नाही, आणि दोघेही अंधारात राहतात.

काही बोर्डांवर बायोसच्या दोन चिपा असतात आणि मुख्य गेली की राखीव चिप कारभार हाती घेते. गिगाबाइटने ही पद्धत ड्युअल बायोस या नावाने गाजवली. लॅपटॉपांत यासाठी कीबोर्डवरच्या कळांच्या जोड्या असतात. डेलच्या पुष्कळ लॅपटॉपांवर कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर लावतात, एचपीच्या पुष्कळ लॅपटॉपांवर विंडोज आणि बी दाबून पॉवरचे बटण दाबतात. दोन बोटे इथे, एक तिथे आणि चौथे चार्जरपाशी, अशी ही योगासने असली तरी ती काम करतात. बायोसचा सुरुवातीचा भाग, म्हणजे बूट ब्लॉक, शाबूत असेल, तर तो डिस्कवरची किंवा पेनड्राइव्हवरची प्रत शोधून स्वतःला पुन्हा लिहून घेतो.

जुन्या बोर्डांवर चिप सॉकेटात बसवलेली असे. तेव्हाचा एक धाडसी प्रयोग म्हणजे तशाच दुसऱ्या चांगल्या बोर्डावर संगणक सुरू करायचा, चालू संगणकातून त्याची चिप हलकेच उपसायची, तिथे मेलेली चिप बसवायची आणि तिच्यावर बायोस लिहायचा. तो साधला की एक बोर्ड वाचे, फसला की दोन्ही संगणक एकाच वेळी दुरुस्तीला जात.

शेवटचा उपाय प्रोग्रॅमरचा. सीएच३४१ए नावाचे स्वस्त उपकरण आणि चिपला वरून चावणारा आठ पिनांचा चिमटा वापरून ती थेट लिहिता येते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत 'नो डिस्प्ले' म्हणून बोर्ड नेला, की कारागीर हेच करतो. त्याची पद्धत शिकण्यासारखी असते. तो बोर्डाची वीज तोडतो, सेल काढतो, चिपवरचा ठिपका पाहून एक नंबरचा पाय ओळखतो आणि चिपवरचा नंबर वाचतो. काही चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ च्या. १.८ च्या चिपला अॅडॅप्टर लागतो. स्वस्त काळ्या प्रोग्रॅमरच्या डेटा पिनांवर तर ५ व्होल्ट येतात, म्हणून जाणता माणूस तो आधी दुरुस्त करून घेतो. मग तो काहीही लिहिण्याआधी चिपमधले होते-नव्हते ते दोनदा वाचून घेतो आणि दोन्ही प्रती जुळतात का, हे पाहतो. बिघडलेल्या चिपमध्येही लॅनचा मॅक पत्ता, बोर्डाचा सीरियल नंबर आणि पुष्कळ लॅपटॉपांत विंडोजची किल्ली शाबूत असते. संकेतस्थळावरची कोरी फाइल सरळ लिहिली तर ते सारे जाते. काही कंपन्यांच्या फाइलीला पुढे कॅप्सूलचे आवरण असते, तेही आधी काढावे लागते. प्रोग्रॅमर सही तपासत नाही, मॉडेल विचारत नाही. जे दिले ते लिहितो. म्हणून लिहून झाल्यावर पुन्हा वाचून पडताळणी करायची. एवढे सगळे कारागीर चहा घेत करतो आणि मालक शेजारी उभा राहून आपण काय-काय केले, त्यातला निम्मा भाग त्याला सांगतो.

चिप अचूक लिहून, पडताळूनही बोर्ड उठला नाही, तर दोष बायोसचा नाही. तो बोर्डाच्या वीज-जोडणीत किंवा इतर भागांत शोधावा लागतो आणि तिथे फ्लॅशिंगचे शास्त्र संपते. बोर्ड उठला, तर कारागीर वाचून ठेवलेली मूळ प्रत पेनड्राइव्हवर देतो. ती फार मोलाची असते. पुढच्या वेळी दुरुस्ती तिच्यावरून काही मिनिटांत होते. मालक ती घरी नेऊन नीट जपून ठेवतो, त्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर.